‘खुसपटं काढणारा’ इंग्रजीत नेमका कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘कॅप्शस’ पाहा, ‘कार्पिंग’ पाहा, ‘सेन्सोरिअस’ पाहा. समोर बहुतेक वेळा ‘छिद्रान्वेषी’ किंवा ‘दोष काढणारा’ हेच येतं. अर्थ चूक नसतो, पण त्यावरून शब्द वापरता येत नाही. इंग्रजी वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी माणसांना इथे अडतं. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली घेतले आहेत.

एकाच अर्थाचे इतके शब्द आहेत. फरक ओळखायचा कशावरून?

तीन गोष्टी तपासा. समोरच्याने धरलंय काय: वस्तू, शब्द की माणसाची वागणूक? चूक खरी आहे की ओढूनताणून आणलेली? आणि हे सगळं तो कशासाठी करतोय: सवय म्हणून, अडवण्यासाठी, की स्वतःला वरच्या पायरीवर बसवण्यासाठी?

एक लग्नपत्रिका डोळ्यांसमोर आणा. प्रेसमधून प्रूफ आलंय, वर नेहमीप्रमाणे ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आहे, आणि घरातली मंडळी ते हातोहात फिरवत आहेत. पहिला म्हणतो, “मजकूर छान बसलाय, पण मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा आहे, इथे ५३ छापलंय.” हा क्रिटिकल, आणि घरात असा एक तरी हवा. दुसऱ्याला एका ओळीत स्वल्पविरामानंतर दोनदा जागा सुटलेली दिसते आणि तो तिथेच थांबतो. तो निटपिकिंग करतोय. तिसरा विचारतो, “‘सहकुटुंब’ लिहिलंय आणि ‘सहपरिवार’ही लिहिलंय. मग कुटुंब सोडून आणखी कोणाला आणायची परवानगी आहे?” त्याला उत्तर नकोच आहे, तो शब्दात पकडतोय: कॅप्शस. चौथीला कागद पातळ वाटतो, रंग मेलेला वाटतो, हॉल लांब पडतो, तारीख उन्हाळ्यातली आहे, आणि तिचं हे दुपारभर चालू राहतं, हे कार्पिंग. पाचव्याचं म्हणणं, वराच्या नावाआधी ‘चि.’ लावायचं की नाही ते ठरल्याशिवाय प्रूफवर सही करायची नाही, आणि ते ठरलं की त्याच्याकडे पुढची हरकत तयार असते. हा कॅव्हिल करतोय. सहाव्या बाई पत्रिका न वाचताच बाजूला ठेवतात आणि म्हणतात, “मुलीने स्वतः जमवलंय ना? मग एवढा थाट कशाला!” त्या सेन्सोरिअस. सातव्याला सगळं पसंत आहे, पण डावा समास उजव्यापेक्षा केसभर जास्त आहे म्हणून पाचशे पत्रिका पुन्हा छापाव्यात असं वाटतं. हायपरक्रिटिकल तो हाच.

फॉल्टफाइंडिंग हा शब्द पहिला माणूस सोडून या सगळ्यांना चालतो. तो साधा, रोजच्या बोलण्यातला शब्द आहे आणि अडलं तर तोच वापरावा.

‘क्रिटिकल’ म्हटलं की वाईटच का?

मुळात नाही. ग्रीकमध्ये ‘क्रिनेइन’ म्हणजे वेगळं करणं, निवाडा करणं. धान्य पाखडून खडे बाजूला काढावेत, तसं. ‘क्रायसिस’ आणि ‘क्रायटेरिअन’ हेही त्याच घराण्यातले शब्द. म्हणून ‘क्रिटिकल थिंकिंग’ म्हणजे दोष काढणारा विचार नाही, तर चिकित्सक विचार. दवाखान्यात ‘पेशंट क्रिटिकल आहे’ म्हणतात, तिथे निवाड्याची घटका आली आहे असा जुना अर्थ शिल्लक आहे.

आपल्याकडे ‘टीका’ या शब्दाचंही असंच झालंय. संस्कृतात टीका म्हणजे भाष्य. शके १२१२ मधली ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे, आणि त्यात गीतेला कोणी नावं ठेवलेली नाहीत. आज ‘टीका केली’ म्हटलं की झोडपलं असाच अर्थ होतो, आणि जुना अर्थ सांभाळायला ‘समीक्षा’ हा वेगळा शब्द लागतो. इंग्रजीत ते काम ‘क्रिटीक’ करतो. ‘शी क्रिटिसाइझ्ड माय पेपर’ म्हणजे तिने दोष दाखवले. ‘शी क्रिटीक्ड माय पेपर’ म्हणजे तिने बरंवाईट दोन्ही तपासलं. एक सावधगिरी: ‘क्रिटिकल’च्या पुढे ‘ऑफ’ आला की अर्थ जवळजवळ नेहमी नापसंतीचाच असतो.

हायपरक्रिटिकल आणि हिपॉक्रिटिकल यांत गोंधळ होतो.

तो बऱ्याच जणांचा होतो, आणि कारण उच्चारात आहे. ‘हिपोक्रिट’चा पहिला अवयव ‘हि’ असा ऱ्हस्व आहे. आपल्याकडे अनेकजण तो ‘हायपोक्रिट’ म्हणतात, आणि मग दोन शब्दांत एका अक्षराचाच फरक उरतो.

दोन्हींच्या पोटात तेच ‘क्रिनेइन’ आहे, पण वाटा वेगळ्या. ‘हायपर’ म्हणजे अति. हायपरक्रिटिकल माणसाची मोजपट्टी प्रमाणाबाहेर कडक असते. दुसऱ्या शब्दाचा उगम ग्रीक नाटकात आहे. तिथे ‘हिपोक्रितेस’ म्हणजे नट, सोंग वठवणारा. त्यावरून दांभिक. बॉसला ‘यू आर हिपॉक्रिटिकल’ असं लिहून पाठवलंत, तर तुम्ही त्याला काटेकोर म्हटलेलं नसून ढोंगी म्हटलेलं असतं.

हायपरक्रिटिकलची आणखी एक खूण म्हणजे तो स्वतःबद्दलही सहज वापरला जातो: ‘हायपरक्रिटिकल ऑफ हरसेल्फ’. स्वतःच्या कामावर कधीच समाधानी नसलेल्या माणसाला हा शब्द बसतो. कार्पिंग किंवा सेन्सोरिअस तिथे बसत नाहीत, कारण त्या दोघांना दुसरा कोणीतरी लागतो.

कार्पिंग, कॅव्हिलिंग आणि कॅप्शस हे तीन कधीच वेगळे लक्षात राहत नाहीत.

या तिघांना मराठीत स्वतंत्र वाक्प्रचार आहेत, ते जोडले की प्रश्न सुटतो. कॅप्शस म्हणजे शब्दात पकडणं, कॅव्हिल म्हणजे फाटे फोडणं आणि कार्प म्हणजे किरकिर करत दोष काढणं.

कॅप्शसचं मूळ लॅटिन ‘कापेरे’ म्हणजे पकडणं. कॅप्चर, कॅप्टिव्ह हे त्याचेच भाऊबंद. ‘कॅप्शस क्वेश्चन’ म्हणजे अडकवण्यासाठी टाकलेला प्रश्न, ज्याचं हो म्हटलं तरी पंचाईत, नाही म्हटलं तरी पंचाईत. हा जुना अर्थ आजही जिवंत आहे. त्यामुळे कॅप्शस माणसात एक प्रकारची हुशारी असते. तो ढोबळ बोलत नाही, तुमच्या वाक्यातला एक शब्द उचलतो आणि त्यालाच धरून बसतो.

कॅव्हिलचं मूळ ‘काव्हिल्लारी’, म्हणजे थट्टा करणं, टर उडवणं. आजच्या वापरात मात्र थट्टा उरलेली नाही. आता तो शब्द क्षुल्लक हरकत घेण्यासाठी आहे, बहुधा करार, नियम, व्यवहार अशा ठिकाणी. शेक्सपिअरच्या चौथ्या हेन्रीवरील नाटकाच्या पहिल्या भागात हॉटस्पर नकाशावर जमिनीच्या वाटणीवरून भांडतो आणि म्हणतो की सौदा असेल तर केसाच्या नवव्या भागासाठीही मी कॅव्हिल करीन. हा शब्द इतका अचूक जागी क्वचितच सापडतो: व्यवहार आहे, वाटणी आहे, आणि वाद केसाच्या तुकड्यावर आहे. सोसायटीच्या सभेत इतिवृत्त मंजूर होऊ नये म्हणून एकेका शब्दावर हरकत घेणारे सभासद याच जातीचे.

कार्पचा प्रवास गमतीचा आहे. स्कँडिनेव्हियन भाषेत तो ‘बढाई मारणे’ होता, जुन्या इंग्रजीच्या पुढच्या टप्प्यात नुसता ‘बोलणे’ झाला, आणि लॅटिनमधल्या ‘कार्पेरे’ म्हणजे खुडणे या शब्दाच्या संगतीने त्याला दोष काढण्याचा अर्थ चिकटला. ‘कार्पे दिएम’ (आजचा दिवस खुडून घ्या, म्हणजे आजचा क्षण साधा) या लॅटिन वचनातला कार्पे तोच. पण कटला, रोहू, मृगळ या माशांना कार्प म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. कार्पिंगमध्ये मुद्द्यापेक्षा सूर महत्त्वाचा: सतत, कडवट, आणि समोरच्याच्या हातात सुधारण्यासारखं फार काही नसताना. मुद्दा खरा असला तरी कार्पिंग म्हणता येतं. कॅव्हिलचं तसं नाही, तिथे मुद्दा क्षुल्लकच असावा लागतो.

सेन्सोरिअस म्हणजे सेन्सॉर करणारा का?

नातं आहे, पण चित्रपटाच्या कात्रीशी नाही. प्राचीन रोममध्ये सेन्सर नावाचे दोन अधिकारी असत. नागरिकांची आणि मालमत्तेची नोंद ठेवणं, म्हणजे सेन्सस, हे त्यांचं काम. त्यासोबत लोकांच्या आचरणावर लक्ष ठेवणंही. वागणं पसंत पडलं नाही तर सेन्सर एखाद्याला सिनेटमधून काढू शकत. इ. स. पू. १८४ मध्ये सेन्सर झालेला केटो याबाबत इतका कडक होता की, ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने लिहून ठेवल्याप्रमाणे, दिवसाढवळ्या मुलीच्या देखत बायकोला जवळ घेतलं म्हणून त्याने एका सदस्याला सिनेटबाहेर काढलं. सेन्सोरिअस शब्दाचा सगळा रंग या एका प्रसंगात आहे.

तेव्हा खूणगाठ अशी: सेन्सोरिअस माणूस तुमच्या कामाचे नाही, तुमच्या चालीरीतीचे दोष काढतो. कपडे, मैत्री, खर्च, कोण कोणाबरोबर दिसलं. अहवालातल्या स्पेलिंगच्या चुका दाखवणाऱ्याला सेन्सोरिअस म्हटलं तर वाक्य चुकतं.

आजच्या बोलण्यात या जागी ‘जजमेंटल’ चालतो. मराठीतही मुलं सर्रास ‘मला जज करू नकोस’ म्हणतात. फरक एवढाच की जजमेंटल माणूस गप्प बसून, नुसत्या नजरेनेही जजमेंटल असू शकतो. सेन्सोरिअसला सहसा बोलून दाखवावं लागतं, आणि तो शब्द पुस्तकी आहे. चहाच्या टपरीवर वापरला तर लोक वळून बघतील.

जवळचे दोन शब्द इथेच वेगळे करून ठेवा. ‘सेन्सर’ म्हणजे मजकूर कापणं, दाबणं. ‘सेन्शर’ म्हणजे अधिकृत ठपका. विधिमंडळातला निंदाव्यंजक ठराव हा ‘सेन्शर मोशन’. चित्रपटांच्या मंडळाच्या नावातला सेन्सर हा शब्द १९८३ मध्येच जाऊन तिथे प्रमाणन आलं, तरी आपण सगळे अजून सेन्सॉर बोर्डच म्हणतो.

निटपिकिंगमधला ‘निट’ काय आहे?

लीख. उवेचं अंडं. उवा फणीने निघतात, पण लीख केसाला मुळापाशी घट्ट चिकटलेली असते आणि पांढऱ्या कोंड्यासारखी दिसते. तिच्यासाठी मुलीला उजेडात बसवून, एकेक केस वेगळा करून, दोन नखांत धरून ओढत न्यावं लागतं. तासभर जातो आणि हाती येतं ते मोहरीपेक्षा लहान. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत रुळलेला हा शब्द त्या बैठकीतूनच आलाय.

या प्रतिमेमुळे दोन गोष्टी ठरतात. एक म्हणजे, लीख खरोखर असते. निटपिकिंगमधली चूक बहुधा खरी असते, फक्त तिच्यासाठी घालवलेला वेळ तिच्या लायकीचा नसतो. दुसरी म्हणजे, या शब्दात दुष्टपणा कमी आहे, म्हणून तो स्वतःला लावून घेता येतो. ‘आय डोन्ट वॉन्ट टू निटपिक, बट…’ हे सभ्य इंग्रजी आहे. सॉफ्टवेअरवाले सहकाऱ्याचा कोड तपासताना किरकोळ सूचनेआधी ‘निट’ एवढंच लिहितात. त्याचा अर्थ, जमलं तर बदल, नाहीतर राहू दे, मंजुरी यावर अडलेली नाही. ‘क्विबल’ही असाच वापरता येतो: ‘माय ओन्ली क्विबल’ म्हणजे बाकी सगळं आवडलं, एवढीच बारीक तक्रार.

‘माय ओन्ली कार्प’ असं मात्र कोणी म्हणत नाही. वर आलेले बाकीचे शब्द मुळात टीका करणाऱ्यावरचे आरोप आहेत. कोणाला कॅप्शस म्हणताना तुम्ही त्याचा मुद्दा फेटाळूनच टाकलेला असतो. वादात हे शब्द फार सोयीचे पडतात, आणि म्हणूनच ते जपून वापरायचे.

पेडॅन्टिक कुठे बसवायचा?

नियमांपाशी. पेडॅन्ट हा मुळात शाळामास्तर. आपल्याकडे ‘पंतोजी’ म्हणताना जो सूर लागतो, तोच. व्याकरण, तारखा, उच्चार, शिष्टाचार यांत तो चूक खपवून घेत नाही, आणि आपल्याला ठाऊक आहे हे दिसावं अशी त्याची इच्छा असते. पढतमूर्ख हा त्याचा अनुवाद करू नका. पेडॅन्ट मूर्ख असेलच असं नाही, उलट बहुतेक वेळा तो बरोबर असतो. त्रास त्याचाच होतो.

पिकी, चूझी, फसी, फिनिकी, फॅस्टिडिअस: हेही टीकेचेच शब्द का?

हे निवडीचे शब्द आहेत. माणूस दुसऱ्याला बोलतोच असं नाही, तो फक्त नाक मुरडतो. जेवणात भाजी बाजूला काढणारं मूल ‘पिकी’ किंवा ‘फसी ईटर’. ‘फिनिकी’त किरकोळ तपशिलाचा त्रास जास्त आहे, आणि हा शब्द वस्तूंनाही लागतो: जरा काही झालं की रुसणाऱ्या यंत्राला फिनिकी म्हणतात. ‘फॅस्टिडिअस’चं मूळ किळस या अर्थाच्या लॅटिन शब्दात असलं, तरी आज त्यात अर्धी स्तुती आहे, टापटिपीची. मराठीतला ‘चोखंदळ’ हा पूर्ण स्तुतीचा शब्द आहे. त्याला ‘डिस्करनिंग’ म्हणा. ‘चोखंदळ वाचक’चं भाषांतर ‘पिकी रीडर’ केलंत तर वाचकाचा अपमान होतो.

आणि नॅगिंग, हार्पिंग, क्वेरुलस?

नॅग म्हणजे भुणभुण किंवा टुमणं. त्यात दोष काढण्यापेक्षा काहीतरी करून घेण्याचा तगादा असतो. हा शब्द फार काळ बायकांनाच लावला गेलाय, त्यामुळे आज लिहिताना विचार करून वापरा. ‘हार्प ऑन’ला मराठीत तयार जोडी आहे: तेच तुणतुणं वाजवणं. इंग्रजीतही मूळ कल्पना एकाच तारेवर वाजवत राहण्याची आहे, आणि तुणतुण्याला तर तार एकच असते. क्वेरुलस म्हणजे रडगाणं गाणारा. तो दुसऱ्याचे दोष काढतो ते स्वतःची दया यावी म्हणून.

यांच्यापुढे कोणती प्रिपोझिशन येते?

क्रिटिकल, हायपरक्रिटिकल आणि सेन्सोरिअस यांना ‘ऑफ’. कार्प आणि कॅव्हिल यांना ‘अ‍ॅट’ (‘अबाउट’ही चालतं). मुद्द्यावर क्विबल ‘ओव्हर’, एखाद्याच्या म्हणण्याशी क्विबल ‘विथ’. पेडॅन्टिक, पिकी, फसी, जजमेंटल यांना ‘अबाउट’. कॅप्शस बहुतेक वेळा नामाच्या आधीच येतो, त्याला पुढे काही लागत नाही.

मराठीतून विचार केल्यामुळे होणाऱ्या दोन चुका मात्र नेहमीच्या आहेत. आपण कोणा‘वर’ टीका करतो, म्हणून ‘ही क्रिटिसाइझ्ड ऑन मी’ असं लिहिलं जातं. क्रिटिसाइझला मध्ये काहीच नको: ‘ही क्रिटिसाइझ्ड मी फॉर द डिले’. तसंच आपण माणसा‘त’ दोष काढतो, म्हणून ‘फाइंड्स फॉल्ट्स इन मी’. रूढ प्रयोग ‘फाइंड फॉल्ट विथ’, फॉल्ट एकवचनी आणि आधी ‘अ’ नाही. आणि ‘पिक ऑन’ म्हणजे दोष काढणं नव्हे, एखाद्याला हेरून त्रास देणं. कामातल्या उणिवा उकरायच्या असतील तर ‘पिक होल्स इन’.

परीक्षेत रिकाम्या जागेसाठी पर्यायांत चारही शब्द असतील तर?

पर्यायांकडे नंतर बघा, आधी वाक्यात खूण शोधा. ‘ट्रिव्हिअल’, ‘पेटी’ असेल तर कॅप्शस, कॅव्हिलिंग किंवा निटपिकिंग. ‘मॉरल्स’, ‘कंडक्ट’, ‘बिहेविअर’ असेल तर सेन्सोरिअस. ‘कॉन्स्टंट’, ‘सोअर’, ‘बिटर’ असेल तर कार्पिंग. ‘स्टँडर्ड्स’चा उल्लेख असेल तर हायपरक्रिटिकल किंवा ‘एक्झॅक्टिंग’, म्हणजे कामात काटेकोरपणा मागणारा. दिसायला सारखे शब्द मुद्दाम टाकलेले असतात: कॅप्शसशेजारी लहरी अर्थाचा ‘कप्रिशस’, सेन्सोरिअसशेजारी ‘सेन्शुअस’. विरुद्धार्थी म्हणून सेन्सोरिअसला ‘लॉडेटरी’ (स्तुती करणारा) किंवा ‘चॅरिटेबल’ येतो. इथे चॅरिटेबल म्हणजे दानशूर नव्हे, दुसऱ्याला समजून घेणारा. हा अर्थ माहीत नसल्याने बरेचजण तो पर्याय आधीच खोडतात.

कर्मचाऱ्याच्या अप्रेझलमध्ये ‘फार दोष काढतो’ हे कसं लिहावं?

वरचा एकही शब्द वापरू नका. सगळेच स्वभावावर बोट ठेवतात आणि वाचणारा लगेच बचावात जातो. काय घडतं ते लिहा: ‘टेंड्स टू फोकस ऑन मायनर एरर्स अँड मे ओव्हरलुक द मेन इश्यू’. खरंच काम चोख असेल तर ‘एक्झॅक्टिंग’ किंवा ‘मेटिक्युलस’, दोन्ही मानाचे शब्द आहेत. ‘व्हेरी क्रिटिकल पर्सन’ तर अजिबात नको. त्याचा अर्थ अत्यंत महत्त्वाचा माणूस असाही लागतो, आणि पगारवाढीच्या वेळी तोच लावला जाईल.

उच्चार?

कॅव्हिलचा ‘व्हि’ अगदी तोकडा, जवळजवळ ‘कॅव्हल’, जोर ‘कॅ’वर. सेन्सोरिअसमध्ये जोर ‘सो’वर, पहिल्या अक्षरावर नाही. पेडॅन्टिकचा जोर ‘डॅ’वर, पण पेडॅन्टचा ‘पे’वर. क्वेरुलसमध्ये ‘क्वे’वर.